पत्रकातली पहिली ओळ काढून टाक

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

नगरपालिका निवडणुकीसाठी तू लिहिलेला माझ्या प्रचारपत्रकाचा मसुदा वाचला. मेहनत दिसते, भाषाही सोपी आहे. पण पहिलीच ओळ, 'निवडून आल्यास शहरात एमआयडीसी आणू, हजारो तरुणांना रोजगार देऊ', ती काढून टाक. जिल्हा उद्योग केंद्रात जन्म घालवलेली बाई उभी राहतेय म्हटल्यावर लोक कारखानाच मागणार, असं तुला वाटलं असेल. मागतीलही. पण औद्योगिक क्षेत्र जाहीर करणं हा राज्य सरकारचा अधिकार आहे. 1961 च्या कायद्याखाली अधिसूचना निघते, जमीन संपादित होते, मग औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजेच एमआयडीसी, भूखंड पाडतं. त्या हद्दीत नियोजन प्राधिकरणही महामंडळच असतं. यात नगरसेविकेची सही कुठेच लागत नाही. जे आपल्या हातात नाही ते छापायचं नाही.

हातात काय आहे ते मात्र पुरेपूर समजून घे. 74 व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला बारावी अनुसूची जोडली, तिच्यात नगरपालिकांकडे सोपवता येतील असे 18 विषय आहेत. त्यातला तिसराच विषय आर्थिक आणि सामाजिक विकासाचं नियोजन हा आहे. ही दुरुस्ती 1993 मध्ये अमलात आली, तरी आपल्या सर्वसाधारण सभेत गटारं, दिवे आणि डांबर यापलीकडे चर्चा जात नाही. रोजगार म्हटलं की सगळे मंत्रालयाकडे बघतात.

एक उदाहरण सांगते. मसाला कांडपासाठी एका बाईंचं पीएमईजीपीचं, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातल्या कर्ज-अनुदानाचं, प्रकरण मी केलं होतं. शहरी भागातली महिला, त्यामुळे 25 टक्के अनुदान, 5 टक्के स्वतःचे, बाकी बँकेचं कर्ज. बँकेने मंजुरी दिली, यंत्र आलं. घर अरुंद गल्लीत, थ्री फेज वीज नाही, मिरचीच्या खकाण्याने शेजारी भांडायला उठले. नगरपालिकेच्या व्यापारी संकुलात गाळा घ्यावा, तर लिलावाची अनामतच बाईंनी जमवलेल्या भांडवलाहून मोठी. आणि त्याच संकुलात कित्येक शटरं वर्षानुवर्षं बंद, उघडी होती त्यांतही मूळ गाळेधारक कमी, पोटभाडेकरूच जास्त. मी पाहणीला गेले तेव्हा यंत्र ओसरीत प्लॅस्टिकच्या कागदाखाली उभं होतं, पॅकिंगच्या पट्ट्यासुद्धा सोडलेल्या नव्हत्या. कागदावर मुलांनी दप्तरं ठेवलेली. बँकेचा हप्ता मात्र सुरू झाला होता.

या योजनेतलं अनुदान रोख हातात पडत नाही. ते तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतं आणि धंदा चालू असल्याची पडताळणी झाली तरच कर्जात वळतं होतं. म्हणजे सरकारने योजना दिली, आम्ही शिफारस केली, बँकेने पैसे दिले आणि घोडं अडलं ते दहा बाय बाराच्या गाळ्यापाशी. हा गाळा कोणाला, किती अनामतीवर, कोणत्या अटीवर द्यायचा, हे नगरपालिकेच्या सभेत ठरतं. मी उभी राहतेय ती त्या सभेत बसण्यासाठी. पत्रकाची सुरुवात इथून कर.

दुसरा विषय बाजाराचा. मंगळवारी पहाटे, गाड्या उतरतात तेव्हा, आठवडे बाजारात जा. हातात पत्रकं नेऊ नकोस. कोथिंबिरीच्या जुड्या बांधणाऱ्या बायांशेजारी उकिडवा बस आणि वसुलीवाला येईपर्यंत थांब. वसुलीचा ठेका दिलेला असतो, दराचा फलक कुठेतरी आडबाजूला असतो. किती मागितले, पावती दिली का, पावतीवरचा आकडा आणि घेतलेले पैसे जुळतात का, एवढं बघून ये. पथविक्रेत्यांसाठी 2014 चा केंद्राचा कायदा आहे. त्यानुसार नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेते हवेत, आणि त्यांतल्या निदान एक तृतीयांश महिला. सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कोणाला उठवता येत नाही. 2020 मध्ये पथविक्रेत्यांसाठी आलेल्या पीएम स्वनिधी योजनेच्या कर्जासाठीसुद्धा नगरपालिकेचं प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र लागतं. भाजीवालीचा रोजगार असा आपल्याच कचेरीतल्या एका कागदावर अडतो किंवा सुटतो.

पैसा कुठून आणणार, असं कोपऱ्याकोपऱ्यावर विचारतील. खरं ते सांग. नगरपालिकांची जकात 1999 मध्ये गेली, तेव्हापासून सरकारी अनुदानाकडे डोळे लावून बसावं लागतं. पंधराव्या वित्त आयोगाने आपल्यासारख्या शहरांना दिलेल्या निधीतला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला होता. मालमत्ता कर आणि गाळेभाडं हीच काय ती हक्काची मिळकत, तेव्हा बड्या थकबाकीदारांना हात लावावाच लागेल. त्याने काही मतं जातील. जाऊ देत.

आता तुझी ती दुसरी सूचना. माझ्या जुन्या कार्यालयातून कर्ज मिळालेल्यांची यादी मिळवू आणि प्रत्येकाला फोन करू, असं तू म्हणालास. हे अजिबात करायचं नाही. लोकांनी अर्जात आपलं उत्पन्न, जात, घरची अडचण लिहिली ती सरकारवर विश्वास ठेवून. ते कागद माझे कधीच नव्हते, निवृत्तीनंतर तर नाहीतच. आणि त्यांना मिळालं ते नियमाने मिळालं, माझ्या मेहेरबानीने नव्हे. कोणी आपणहून 'मॅडमनी आमचं काम केलं' म्हणत आला तर त्याला पाणी विचार, चहा दे, पण त्याचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाकू नकोस.

ज्यांचं प्रकरण झालं नाही तेही याच प्रभागात राहतात. दारात उभं करून ते तुला सुनावतील. शिफारस आमची आणि मंजुरी बँकेची असते, हे बरोबर असलं तरी तिथे उंबऱ्यावर ते समजावत बसू नकोस. पोराच्या वर्कशॉपचं स्वप्न घेऊन तो माणूस वर्षभर हेलपाटे घालत होता, त्याचा राग खरा आहे. ऐकून घे, नाव आणि घर लक्षात ठेव, मला सांग. मी स्वतः जाईन, एकटी. असल्या भेटीचा प्रचार करायचा नसतो.

उमेदवारीच्या कागदांकडे आजपासूनच बघ. घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी नसल्याचा दाखला, शौचालयाचा दाखला आणि 12 सप्टेंबर 2001 नंतरच्या अपत्यांबाबतचं घोषणापत्र. यातल्या एकेका कागदावरून चांगल्या चांगल्यांचे अर्ज छाननीत उडालेले मी पाहिलेत. खर्चाची वही तूच सांभाळ. मंडपवाल्याचं बिल असो की वडापावचं, त्याच दिवशी चढव. ठेकेदाराचा माणूस पाकीट घेऊन आला तर वहीत लिहायची वेळच येऊ देऊ नकोस, दारातूनच परत पाठव.

सोमवारी नगरपालिकेत जा आणि माहिती अधिकारात एक अर्ज दे. व्यापारी संकुलातले सगळे गाळे, प्रत्येकाचा मूळ गाळेधारक, ठरलेलं भाडं, थकबाकी आणि करार संपल्याची तारीख, एवढंच माग. उत्तराला 30 दिवसांची मुदत असते, म्हणून उशीर नको. अर्जावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लाव आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नकोस.

तुझी,
मॅडम