सायकलसाठी टायर लिव्हर घेताना आधी त्याचं टोक पाहा

मॅडम, तुमच्या शाळेतल्या मुलींच्या सायकली सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या, रस्ता पांदणीचा, पंक्चरचं दुकान थेट तालुक्याला, आणि ऑनलाइन मागवलेले प्लास्टिकचे टायर लिव्हर, म्हणजे टायर रिमवरून काढायच्या छोट्या पट्ट्या, दोनदा मोडले. आता शाळेच्या पेटीत ठेवायला न मोडणारे कोणते घ्यावेत, हा तुमचा प्रश्न.

आधी सायकलच्या रिमला लोहचुंबक लावून पाहा. चिकटला तर रिम लोखंडी आहे. अशा सायकलींसाठी पोलादी लिव्हर घ्या, तीनचा संच. चिकटला नाही तर रिम ॲल्युमिनियमची. तिच्या काठावर पोलादी टोकाने ओरखडे पडतात, काठ दबतो, आणि रिमवर ब्रेक घासत असेल तर तो खडबडीत भाग ब्रेकचं रबर खातो. तिथे नायलॉनचेच हवेत. शिक्षकांपैकी कुणाची गिअरची सायकल असेल तर तिच्यासाठी नायलॉनची वेगळी जोडी ठेवा. पेड्रोज कंपनीचे रुंद लिव्हर किंवा श्वाल्बेचे निळे, दोन्ही चांगले. पार्क टूलचे आत पोलाद आणि वरून प्लास्टिक असलेलेही मिळतात, पण शाळेच्या कामाला तेवढा खर्च करायची गरज नाही.

दुकानात लिव्हर हातात घेतला की सगळे जाडी पाहतात. मी टोक पाहतो. जाड टोक टायरखाली शिरत नाही, मग माणूस जोर करतो आणि ट्यूब चिमटते. टोक पातळ, रुंद, किंचित वाकलेलं आणि कडेने गोलसर असावं. त्यावर खरखर आहे का, हे पाहायला कापसाचा बोळा फिरवा. आपल्याकडे कापसाला काय तोटा! तंतू अडकला तर तिथे बारीक धार आहे, तीच ट्यूब फाडते. बाकी लिव्हर चांगला असेल तर ती धार पॉलिश पेपरने घासून काढता येते. दुसऱ्या टोकाला स्पोकमध्ये अडकवायचा आकडा हवाच, नाहीतर एकटीने काम करणाऱ्या मुलीला तिसरा हात लागतो. लांबी १२ ते १५ सेंटिमीटर पुरे. फटफटीचा टायर काढायची लांब लोखंडी टॉमी सायकलला लावू देऊ नका. तिने जोर इतका बसतो की टायरच्या काठातली तार वाकते, कधी रिमचा काठही. स्क्रू ड्रायव्हर तर नकोच.

रंग भडक घ्या, पिवळा किंवा केशरी. काळा लिव्हर आपल्या काळ्या मातीत पडला की सापडत नाही. पोलादी असेल तर आकड्याला लाल चिंधी बांधा. प्लास्टिकचे उन्हात ठेवू नका. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा कधी कधी ४५ च्या आसपास जातो, आणि महिनोन् महिने ऊन खाल्लेलं स्वस्त प्लास्टिक ठिसूळ होतं. तुमचे मोडले त्यात याचाही हात असू शकतो.

पण मला जास्त संशय पद्धतीचा आहे. टायरच्या दोन्ही काठांत पोलादी तारेचं कडं असतं. ते ताणलं जात नाही, कितीही जोर करा. रिमच्या मधोमध मात्र खोलगट भाग असतो आणि तिथला घेर कमी असतो. टायरचा काठ त्या खोलगटात उतरवला की समोरच्या बाजूला ढील मिळते आणि टायर जवळजवळ हाताने निघतो. ही ढील न मिळवता लिव्हर लावला तर पोलादीसुद्धा वाकेल.

म्हणून हवा पूर्ण सोडा, वॉल्व्हची रिमवर आवळलेली चकती ढिली करा, आणि दोन्ही बाजूंनी अंगठ्यांनी दाबत पूर्ण चाकाची फेरी करा. पावसाळ्यानंतर गंजलेल्या रिमला टायर चिकटलेला असतो. तो साबणाचं पाणी सोडून तळहाताने सोडवा, लिव्हरने उचकटू नका. वॉल्व्हच्या जागी काठ खोलगटात जाऊ शकत नाही, त्यामुळे पहिला लिव्हर वॉल्व्हच्या जवळ, पण चार बोटं बाजूला घाला आणि समोरचा काठ खोलगटातच ठेवा. दुसरा दोन स्पोक सोडून. एवढ्यावर निघाला नाही तर तिसरा. बसवताना सुरुवात वॉल्व्हच्या समोरून, शेवट वॉल्व्हपाशी, आणि शेवटची वीतभर जागा अंगठ्यांनीच बसवायची. ठिगळ लावलेली ट्यूब पुन्हा पंक्चर निघते ती बहुतेक वेळा याच वीतभर जागेत लिव्हर घातल्याने. शेजारीशेजारी दोन बारीक चिरा दिसल्या तर काट्याला दोष देऊ नका, ट्यूब चिमटली आहे.

काटाही शोधायलाच हवा. बाभळीच्या काट्याचं टोक टायरमध्ये मोडून राहतं, सराटे तसेच, आणि पऱ्हाटी कापल्यावर बांधाच्या कडेला राहिलेली धसकटं तर टायरच्या आरपार जातात. उघडं बोट फिरवू नका, रक्त निघेल. तोच कापसाचा बोळा टायरच्या आतून फिरवा; जिथे अडकेल तिथे काटा.

आणखी एक शक्यता तपासा. लेडीज सायकलला बऱ्याचदा २६ × १ ३/८ टायर असतो, आणि जाड टायरच्या सायकलींना २६ × १.९५. दोन्हींवर २६ लिहिलेलं, पण पहिल्याचा आतला व्यास ५९० मिलिमीटर, दुसऱ्याचा ५५९. दुकानदाराने नुसतं २६ ऐकून दुसरा दिला असेल तर तो त्या रिमवर चढणारच नाही, लिव्हर मोडेल. टायरच्या अंगावर ३७-५९० किंवा ५०-५५९ असे दोन आकडे जोडून छापलेले असतात, त्यातला दुसरा महत्त्वाचा. जुन्या पद्धतीच्या उंच, जड सायकलीला (रोडस्टर) २८ × १ १/२ टायर असतो, तिथे हा दुसरा आकडा ६३५ असतो.

नवे लिव्हर मागवण्याआधी मुलींच्या सायकलींवरचे हे आकडे एका वहीत उतरवून इथे कळवा, आणि ज्या सायकलीवर लिव्हर मोडले तिचा वेगळा लिहा.