अल्झायमरचे निदान झाल्यावर सुरुवातीला काय पाहावे

सासूबाईंना अल्झायमर (विस्मरण वाढवत नेणारा मेंदूचा आजार) असल्याचे निदान झाले आहे, तर त्यांच्या बी-१२ जीवनसत्त्वाच्या आणि थायरॉईडच्या तपासण्या झाल्या आहेत ना, हे आधी डॉक्टरांना विचारावे, कारण त्यांतील बिघाडामुळे किंवा नैराश्यामुळे होणारे विस्मरण उपचारांनी बरेच सुधारू शकते. डोनेपेझिल हे अल्झायमरवर दिले जाणारे औषध आजार थांबवत नाही, काही काळ लक्षणे सौम्य ठेवते. म्हणून महिन्याभरात फरक दिसला नाही तरी ते परस्पर बंद करू नये. नवख्यांची सर्वांत मोठी चूक म्हणजे वाद घालणे (शिकलेली माणसे यात पुढे असतात): सासूबाईंनी दिवंगत सासऱ्यांची चौकशी केली, तर दरवेळी मृत्यूची बातमी नव्याने देण्याऐवजी त्यांच्याविषयी बोलू द्यावे. गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक वाढला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. अनेकदा मूत्रमार्गाचा संसर्ग निघतो. पुढच्या टप्प्यांचा विचार सध्या नको, रात्री त्यांच्याकडे लक्ष देण्याच्या पाळ्या मात्र घरच्यांनी आजच वाटून घ्याव्यात.