चढाला आचके देते म्हणून लगेच पंप खोलायचा का?

प्रश्न: माझ्याकडे जुनी डिझेल पिकअप आहे, साध्या मेकॅनिकल पंपाची, कॉमन रेल (कॉम्प्युटरवर चालणारी नवी इंजेक्शन पद्धत) नाही. सकाळचा पहिला स्टार्ट घ्यायला सेल्फ खूप वेळ मारावा लागतो. एकदा गरम झाली की मग अर्ध्या सेल्फला पेटते. रिकामी असताना ठीक पळते पण लोड टाकून चढाला लागली की आचके द्यायला लागते, ओढतच नाही, कधी कधी बंदच पडते आणि दहा-पंधरा मिनिटं थांबलं की जणू काही झालंच नाही अशी परत चालू होते. डिझेल फिल्टर बदलून झाला, फरक नाही. मिस्त्री म्हणतोय पंप गेला, खोलावा लागेल. खोलू का?

उत्तर: नका खोलू, निदान आत्ता तरी नका. तुम्ही लक्षणं इतकी नीट लिहिलीत की अर्धं उत्तर त्यातच आहे. रोटरी पंप (एकाच फिरत्या भागातून सगळ्या सिलिंडरना डिझेल वाटणारा) आतून झिजला की तो बहुतेक वेळा गरम इंजिनला त्रास देतो, कारण गरम डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या फटीतून निसटतं, म्हणजे सकाळी गाडी पेटते आणि दुपारी चहाला थांबलात की पेटत नाही. तुमचं बरोब्बर उलटं आहे. आणि झिजलेला पंप दहा मिनिटं आराम करून बरा होत नाही हो.

मला यात दोन वेगळे दोष असण्याची शक्यता दिसते, सकाळचा वेगळा आणि चढाचा वेगळा, आणि दोन्ही पंपाच्या अलीकडे, म्हणजे टाकी ते पंप या लाइनमध्ये.

आधी सकाळचं. सेल्फ मारताना कुणाला तरी सायलेन्सरपाशी उभं करा. धूर अजिबात नसेल तर डिझेल पोचतच नाहीये. पांढरा धूर भकाभका येत असेल तर डिझेल पोचतंय पण जळत नाहीये, मग हीटर प्लग (थंड इंजिन पेटवायला आत गरम होणारे प्लग) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बघायचं, लाइनच्या मागे लागायचं नाही. धूर नसेल असं धरून पुढे सांगतो. ही लाइन ओढीवर चालते, म्हणजे पंप टाकीतून डिझेल ओढून घेतो, त्यामुळे कुठे बारीक फट असली तर तिथून डिझेल बाहेर गळेलच असं नाही, हवा आत शिरते, आणि रात्रभर गाडी उभी राहिली की लाइनमधलं डिझेल हळूहळू टाकीत परत उतरतं. म्हणून "कुठे ओलं दिसत नाही म्हणजे लिकेज नाही" हे मिस्त्री लोकांचं पेटंट वाक्य इथे चालत नाही. संशय कुणावर घ्यायचा तर फिल्टरची सील रिंग, बँजो बोल्टचे (ज्यांच्या पोकळीतून डिझेल जातं ते पाइप जोडणारे बोल्ट) कॉपर वॉशर (जुनेच परत लावतात बरेचदा), कडक होऊन चिरलेले रबरी पाइप, त्यांच्या क्लिपा, आणि फिल्टरवरचा हाताने दाबून डिझेल भरायचा हँडपंप, तो तर हमखास विसरतात.

खात्री करायची तर पंपाच्या तोंडाशी वीतभर पारदर्शक पाइप लावा, डिझेलला टिकणारा घ्या. लाइनमध्ये अडकलेली हवा (एअर) काढून गाडी चालू करा आणि त्यात बघत रहा. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे येऊन थांबले तर सोडून द्या, पण रेस वाढवल्यावर बुडबुड्यांची माळच लागली तर चोर सापडला. मग पाइप एकेक जोड मागे सरकवत न्यायचा, जिथे बुडबुडे गायब होतात त्याच्या पुढच्या, म्हणजे पंपाकडच्या जोडात फट आहे.

अजून पक्कं करायचं असेल तर स्वच्छ कॅनमध्ये डिझेल घेऊन ते पंपापेक्षा उंच ठेवा, पंपाला थेट त्यातून पाइप द्या आणि रिटर्नचा (उरलेलं डिझेल परत नेणारा) पाइपही त्याच कॅनमध्ये सोडा. रात्रभर तसंच ठेवून सकाळी सेल्फ मारा. टक्कन पेटली तर पंप निर्दोष. फक्त उभ्या गाडीवर हं, असा कॅन बांधून रस्त्यावर जायचं नाही.

आता चढाचं. पुढच्या वेळी बंद पडली की थांबून न राहता आधी टाकीचं झाकण उघडा. फुस्स करून हवा आत ओढली गेली आणि गाडी लगेच पेटली तर झाकणाचा व्हेंट (हवा आत येण्याचं बारीक भोक) बुजलाय, डिझेल उपसलं जातं तशी टाकीत पोकळी होते आणि पंपाला ओढ मिळत नाही. झाकण उघडून काहीच आवाज नाही आला तर टाकीतली जाळी बघा. लोडवर डिझेल जास्त लागतं, गाळ ओढीने जाळीला चिकटतो, गाडी बंद पडली की सुटून खाली बसतो, तुमची ती दहा-पंधरा मिनिटं हीच. झाकण उघडं ठेवून, लाइन फिल्टरपाशी सोडून टाकीच्या दिशेने हलकी हवा मारा, टाकीत गुडगुड आवाज मोकळा यायला पाहिजे. हवा मारल्यावर गाडी चार दिवस छान चालली आणि परत तेच सुरू झालं तर टाकी उतरवून धुण्याला पर्याय नाही, आणि ती न धुता नवे फिल्टर घालत बसणं म्हणजे नुसता खर्च.

हे सगळं स्वच्छ निघालं तरच पंप खोला. तोही पंप टेस्टिंगच्या बेंचवर तपासून घेऊन मगच, अंदाजाने नाही.

प्रश्न: आमची पेट्रोल इंजेक्शनची पिकअप रात्रभर उभी राहिली की दोन-तीन वेळा सेल्फ मारल्याशिवाय पेटत नाही. नोझल काढून एअर काढावी का?

उत्तर: नोझलला हात लावू नका, प्रेशरखाली लाइन सोडली तर पेट्रोल गरम इंजिनवर उडेल. सकाळी सेल्फ न मारता नुसती चावी ऑन करा, टाकीतला पंप एक-दोन सेकंद गुणगुणून थांबेल, ऑफ करा, असं तीनदा करून मग सेल्फ मारा. एका झटक्यात पेटली तर लाइनमधलं प्रेशर रात्रीत उतरतंय, म्हणजे पंपातला चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे जाऊ न देणारी झडप), प्रेशर ठरवणारा रेग्युलेटर किंवा टपकणारं एखादं इंजेक्टर. यातलं कुठलं ते प्रेशर गेज लावल्याशिवाय कळत नाही. आणि चावी ऑन केल्यावर आवाजच आला नाही तर फ्यूज, रिले (पंपाला करंट देणारा स्विच) आणि पंपाचं अर्थिंग आधी बघा, पंप नंतर.