वयस्क मांजर गोळी थुंकून टाकते, औषध कसे द्यावे?

आपण साताऱ्यात राहता, आपल्या 14 वर्षांच्या मांजरीला मूत्रपिंडाचा विकार आहे आणि ती गोळी थुंकून टाकते, असे आपण लिहिले आहे. गोळी कुटून दुधात मिसळू नये. कडवट चव एकदा लागली की मांजर त्या वाटीकडे फिरकत नाही, आणि अशा रुग्णाने खाणेच सोडणे हे एखादी गोळी चुकण्यापेक्षा अधिक घातक असते. अन्नातील फॉस्फरस शरीरात शोषला जाऊ नये म्हणून तो बांधून ठेवणारे औषध मात्र अन्नातच द्यावे लागते.

मांजरीला टॉवेलमध्ये गुंडाळून तिची पाठ आपल्याकडे राहील असे मांडीवर घ्यावे, एका हाताने गालफडे धरून डोके किंचित वर करावे, दुसऱ्या हाताच्या बोटाने खालचा जबडा उघडून गोळी जिभेच्या मुळाशी टाकावी आणि लगेच बिनसुईच्या सिरिंजने पाच-सहा मिलिलिटर पाणी गालाच्या बाजूने थोडे थोडे सोडावे. हे पाणी टाळू नये, कारण कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकते. डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाच्या गोळीने तर तेथे जखम होऊ शकते.

घरातील पॅरासिटामॉल कदापि देऊ नये, मांजरीला ते जीवघेणे आहे. (माणसांच्या डोलोचा तुकडा 'ताप आहे म्हणून' देणारे अजूनही भेटतात.) मांजर अचानक भिंतीला धडकू लागली, तर वाढलेल्या रक्तदाबाने दृष्टी गेलेली असू शकते, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. गावातील डॉक्टर प्रामुख्याने गाई-म्हशी पाहत असतील, तर जिल्ह्यातच शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तेथे चौकशी करावी.