बंडखोरांविरुद्ध हवाई मदत : पंख्याचे विमान की जेट?

प्रश्न : बंडखोरांशी लढणाऱ्या काही देशांनी जेट लढाऊ विमानांऐवजी पुढे पंखा असलेली छोटी, संथ विमाने घेतल्याचे वाचनात आले. ध्वनीहून वेगवान विमाने उपलब्ध असताना दुसऱ्या महायुद्धातली वाटावीत अशी विमाने घेणे ही निव्वळ पैशाअभावी केलेली तडजोड आहे, की त्यामागे काही लष्करी विचारही आहे?

उत्तर : पैसा हे कारण आहेच, पण तेवढेच कारण असते, तर जगातल्या सर्वांत श्रीमंत हवाई दलाने या विमानांच्या चाचण्या घेण्याचे कारण नव्हते. अमेरिकेच्या हवाई दलाने २०१७ साली न्यू मेक्सिकोतील हॉलोमन तळावर हलक्या हल्ला विमानांची तुलना करून पाहिली होती, आणि ब्राझीलचे सुपर टुकानो हे त्या चाचणीतले एक विमान होते.

आधी एक गैरसमज दूर करू. या विमानाच्या नाकाशी पंखा दिसत असला, तरी तो फिरवणारे इंजिन महायुद्धकाळातल्यासारखे दट्ट्याचे नसते. जेट विमानात असते तशीच वायुटर्बाइन तिथे असते आणि इंधनही तेच लागते. फरक एवढाच की जेट इंजिन हवा अतिशय वेगाने मागे फेकून विमान ढकलते, तर या पंख्याच्या विमानात, म्हणजे टर्बोप्रॉपमध्ये, टर्बाइनची बहुतेक शक्ती पंखा फिरवण्यात खर्च होते आणि तो पंखा पुष्कळ हवा तुलनेने कमी वेगाने मागे लोटतो. ताशी पाचशे-सहाशे किलोमीटरपर्यंतच्या वेगाला ही पद्धत इंधनाच्या दृष्टीने फार किफायतशीर ठरते. त्यापुढे मात्र पंख्याची कार्यक्षमता घसरत जाते, आणि म्हणून सुपर टुकानोचा कमाल वेग ताशी ५९० किलोमीटरच्या आसपास थांबतो.

आता जमिनीवरच्या तुकडीच्या नजरेने पाहा. बंडखोर गणवेशात नसतात, रणगाडे घेऊन येत नाहीत. ते दहा-बाराच्या टोळीने येतात, गोळीबार करतात आणि झाडीत किंवा वस्तीत मिसळून जातात. अशा वेळी तुकडीला हवे असते ते डोक्यावर तासन्‌तास घिरट्या घालणारे, खालचा परिसर ओळखीचा झालेले आणि हाक मारताच उत्तर देणारे विमान. ताशी ८०० किलोमीटर वेगाने जाणारे विमान एका सेकंदात २२० मीटरहून अधिक अंतर कापते, आणि पंख ६० अंशांनी कलवून वळायचे म्हटले तरी त्याच्या वळणाची त्रिज्या २,९०० मीटरच्या घरात जाते. वेग निम्मा केला, तर तेवढ्याच कलाने त्रिज्या चौपटीने घटून सुमारे ७२५ मीटर होते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. संथ विमानाचा वैमानिक, आणि दोन आसनांच्या विमानात मागे बसलेला त्याचा सहकारी, एकाच ओढ्याकडे किंवा घराकडे नजर ठेवून फिरत राहू शकतात. जेटच्या वैमानिकाला हे काम बहुतांशी कॅमेऱ्यावर सोपवावे लागते.

कॅमेऱ्यावरच विसंबल्यास काय होऊ शकते, याचे कटू उदाहरण ९ जून २०१४ रोजी अफगाणिस्तानच्या झाबुल प्रांतात घडले. अमेरिकेच्या बी-१ बी या अवजड जेट बाँबफेकी विमानाने रात्री आपल्याच सैनिकांवर बाँब टाकले आणि पाच अमेरिकी व एक अफगाण सैनिक ठार झाले. सैनिकांच्या अंगावर अवरक्त, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचे लुकलुकणारे दिवे होते. परंतु विमानाच्या लक्ष्यवेधी कॅमेऱ्याला ते दिसण्यासारखे नव्हते, आणि विमान इतक्या मोठ्या वर्तुळात फिरत होते की ते दिवे वैमानिकांच्या अंधारात पाहण्याच्या चष्म्यांच्या पल्ल्याबाहेर राहिले. जमिनीवरचे आणि विमानातले संभाषणही सदोष होते, त्यामुळे सगळा दोष विमानाच्या जातीला देता येत नाही.

उलट बाजूचेही उदाहरण द्यायला हवे. २०१७ साली फिलिपीन्समधल्या मरावी शहरातल्या लढाईत ३१ मे रोजी एसएफ-२६० या पंख्याच्या छोट्या विमानाचा बाँब चुकला आणि स्वतःचेच सैनिक मारले गेले. पुढे १२ जुलै रोजी एफए-५० या जेटचा बाँबही लक्ष्य सोडून पडला व दोन सैनिकांचा बळी गेला. संथ विमान म्हणजे अचूक विमान, असे समीकरण उत्साही समर्थक मांडतात, ते मला मान्य नाही. अचूकता येते ती मार्गदर्शित बाँबमधून आणि जमिनीवरून लक्ष्य सांगणाऱ्या प्रशिक्षित माणसाकडून. संथ विमान त्या माणसाला बोलायला आणि वैमानिकाला खात्री करून घ्यायला वेळ देते, एवढेच त्याचे देणे आहे. ते लहान नाही.

जेटचा वेग तरीही वाया जात नाही. देश विस्तीर्ण असेल, तुकड्या विखुरलेल्या असतील आणि हल्ला कुठे होईल याचा अंदाज नसेल, तर तीनशे किलोमीटरवरच्या तळावरून मदत वीस-पंचवीस मिनिटांत पोचणे आणि पाऊण तासाने पोचणे यांत एका चौकीचे भवितव्य ठरू शकते. टर्बोप्रॉपवाल्यांचे यावर उत्तर असे की त्यांचे विमान कच्च्या, आखूड धावपट्टीवरूनही उडते, म्हणून ते लढाईच्या जवळ ठेवता येते. उत्तर बरोबर आहे, पण असा पुढचा तळ सांभाळायलाही सैन्य लागते, हे त्यात सहसा सांगितले जात नाही.

प्रश्न : इतके संथ विमान खांद्यावरून डागायच्या क्षेपणास्त्राला सहज बळी पडणार नाही का?

उत्तर : पडू शकते. मात्र जेट त्यातून सुटते, असे इतिहास सांगत नाही. गिनी-बिसाऊ या तेव्हाच्या पोर्तुगीज वसाहतीत १९७३ साली स्वातंत्र्यसैनिकांच्या हाती सोव्हिएत स्ट्रेला क्षेपणास्त्रे आली, तेव्हा पोर्तुगालची जी-९१ जेट विमानेही पडली आणि पंख्याची विमानेही. जुलै २०२१ मध्ये नायजेरियाच्या झामफारा राज्यात सशस्त्र टोळ्यांनी तर नुसत्या जोरदार गोळीबाराने एक अल्फा जेट पाडले. वैमानिक सुदैवाने बचावला.

खरा बचाव उंचीत आहे. अशी क्षेपणास्त्रे साधारणपणे तीन-चार किलोमीटर उंचीपर्यंत प्रभावी असतात, त्यामुळे चांगला कॅमेरा आणि लेसर-मार्गदर्शित बाँब असलेले विमान त्याहून वर राहून काम करू शकते. पण प्रदेश डोंगराळ असेल आणि क्षेपणास्त्र घेतलेला माणूस शिखरावर बसला असेल, तर हा हिशेब कोलमडतो. शिवाय मशीनगन किंवा साध्या रॉकेटने मारा करायचा तर खाली उतरावेच लागते. ज्या बंडखोरांना शेजारचे राष्ट्र अशी क्षेपणास्त्रे सढळ हाताने पुरवते, त्यांच्यावर टर्बोप्रॉप पाठवणे माझ्या मते अविचाराचे आहे. आणि शत्रूकडे रडारवर चालणारी मोठी क्षेपणास्त्रे असतील, तर तिथे या विमानाचा विषयच निघू नये.

प्रश्न : ही विमाने खरोखर किती स्वस्त पडतात?

उत्तर : अमेरिकी हिशेबांत एफ-१६ या जेट लढाऊ विमानाचा उड्डाणाचा एक तास वीस हजार डॉलरच्या पुढे जातो, तर सुपर टुकानोसाठी एक ते दीड हजार डॉलरच्या आसपासचे आकडे सांगितले जातात. दुसरा आकडा विक्रीच्या उत्साहातून आलेला मानून दुप्पट केला, तरी अंतर प्रचंड राहते. लेसर-मार्गदर्शित बाँबची किंमत मात्र तो कुठल्या पंखाखाली टांगला आहे यावर बदलत नाही. देखभालीचे तर वेगळेच. अफगाण हवाई दलाला २०१६ पासून सुपर टुकानो मिळाली, वैमानिकही तयार झाले. पण देखभाल मोठ्या प्रमाणावर परदेशी कंत्राटदारांवर टेकलेली होती. २०२१ मध्ये ते निघून गेले तेव्हा विमाने उडती ठेवणे कठीण झाले, आणि ऑगस्टमध्ये त्यांतली काही वैमानिकांनी उझबेकिस्तानात नेली.

प्रश्न : ड्रोन आल्यावर या वादाला काही अर्थ उरतो का?

उत्तर : घिरट्या घालण्यात ड्रोन माणसाहून सरस आहे, हे मान्य. गंमत अशी की अमेरिकेचे प्रसिद्ध एमक्यू-९ रीपर ड्रोनही टर्बोप्रॉपवरच उडते. त्याचा पंखा तेवढा शेपटीकडे आहे. पण ड्रोनला संपर्काचे जाळे लागते आणि त्याचा कॅमेरा जग एका अरुंद नळीतून पाहिल्यासारखे दाखवतो, तर वैमानिकाला मान वळवून शेजारचा रस्ताही पाहता येतो. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेच्या विशेष मोहीम दलांनी आपल्या तुकड्यांना वरून पहारा व मदत देण्यासाठी स्काय वॉर्डन हे विमान निवडले, ते माणसाने चालवायचे आहे, आणि ते पिकांवर औषध फवारणाऱ्या विमानावरून तयार केलेले आहे.