एचआयव्ही शरीराच्या पहाऱ्याला कसा चकवतो?

प्रश्न : गोवर एकदा होऊन गेला की शरीर तो पुन्हा सहसा होऊ देत नाही. एचआयव्हीविरुद्धही प्रतिपिंडे तयार होतात, मग शरीर त्याला हटवू का शकत नाही? – एक वाचक

उत्तर : प्रतिपिंडे तयार होतात हे खरे, परंतु ती प्रभावी होईपर्यंत विषाणूचे रूप पालटलेले असते. एचआयव्हीचा जनुकीय मजकूर सुमारे ९,७०० अक्षरांचा असून, पेशीत शिरल्यावर त्याची डीएनए प्रत काढणाऱ्या विकराला (एन्झाइमला) स्वतःच्या चुका दुरुस्त करता येत नाहीत. उपचार न घेणाऱ्या रुग्णाच्या शरीरात रोज अब्जावधी नवे विषाणू जन्मतात. प्रत काढतानाच्या चुकांमुळे त्यांच्यात होणारे बहुतेक बदल निरुपयोगी किंवा विषाणूलाच घातक ठरतात, पण एखाद्या बदलामुळे शरीराला पटणारी ओळख पुसली गेली, की तेवढाच वंश फोफावतो.

एक उदाहरण फार बोलके आहे. एचएलए-बी५७ हे जनुक असलेल्या व्यक्तींच्या मारक टी-पेशी (संसर्ग झालेल्या पेशी नष्ट करणाऱ्या रक्षक पेशी) विषाणूच्या गाभ्यातील प्रथिनाचा एक ठरावीक तुकडा ओळखतात. त्यातील २४२व्या जागी थ्रिओनिनऐवजी ॲस्परॅजिन हे अमिनो आम्ल आले, की ही ओळख कमकुवत होते. मात्र विषाणूला त्याची किंमत मोजावी लागते : त्याची वाढ मंदावते, आणि हे जनुक नसलेल्या व्यक्तीत संसर्ग पोहोचल्यावर तो बहुधा मूळ रूपाकडे परततो.

शिवाय काही पेशींमध्ये विषाणू सुप्तावस्थेत दडून राहतो, तो भाग वेगळाच. उपचारात अनेक औषधे एकत्र देतात ती विषाणूच्या या रूप पालटण्यामुळेच, कारण सगळ्यांना एकाच वेळी चकवणारे बदल एकाच विषाणूत जुळून येणे अतिशय अवघड असते. गोळ्या वारंवार चुकल्या, तर मात्र ते बदल एकेक करून साठवायला त्याला सवड मिळते.