वाचकांचे प्रश्न : मिल्क स्टाउटचा गोडवा कसा जोखावा?

प्रश्न : परदेशात नोकरीला असलेल्या माझ्या भाच्याने सुट्टीवर येताना मिल्क स्टाउट या बिअरचे चार कॅन आणले. आम्ही चौघांनी ते घरी बसून घेतले. एकाला ती कॉफीचे पाणी वाटली, दुसऱ्याला कडू लागली आणि मला तर गोडवा जाणवलाच नाही. भाचा मात्र ती उत्तम असल्याचे सांगत होता. नावात दूध असलेली ही बिअर चांगली की सुमार, हे कशावरून ठरवावे?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : कॅन किती गार होते, हे आपण लिहिलेले नाही; परंतु ते फ्रिजमधून काढून थेट ग्लासात गेले असावेत, असा माझा तर्क आहे. आपल्याकडे बिअर दात शिवशिवतील इतकी गार हवी असते आणि पारा पंचेचाळीसच्या पुढे जाणाऱ्या गावात त्यात वावगेही काही नाही. हलक्या लागर बिअरला ते मानवते. स्टाउटचे, म्हणजे भाजलेल्या धान्याच्या काळपट बिअरचे, मात्र त्यात नुकसान होते, कारण अति गारव्यात जिभेला गोडवा कमी जाणवतो, सुगंध ग्लासातून वर येत नाही आणि मागे उरतो तो भाजक्या धान्याचा कडूपणा. ही बिअर ८ ते १२ अंश सेल्सिअसच्या दरम्यान चाखावी. त्यासाठी कॅन फ्रिजमधून काढून हिवाळ्यात साधारण अर्धा तास बाहेर ठेवावा. मे महिन्यात दहा मिनिटेही पुरतात.

आता दुधाविषयी. या बिअरमध्ये दूध नसते, दुधातील साखर म्हणजे लॅक्टोज असते. बिअरचे यीस्ट माल्टमधील (मोड आणून वाळवलेल्या धान्यातील) बहुतेक साखर खाऊन तिचे अल्कोहोल करते, पण लॅक्टोज फोडण्याचे विकर (एन्झाइम) त्याच्याजवळ नसते; त्यामुळे ही साखर शेवटपर्यंत बिअरमध्ये तशीच राहते. इंग्लंडमधील केंट परगण्यातल्या हाइथ गावच्या मॅकेसन या ब्रुअरीने १९०७ मध्ये अशी बिअर बाजारात आणली आणि ती पौष्टिक म्हणून खपू लागली. बाळंतिणींनाही ती सुचवली जात असे, हे आज वाचताना नवल वाटते. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या सरकारने लेबलावरील ‘मिल्क’ हा शब्द काढायला लावला. बिअर परीक्षकांच्या वर्गीकरणात हा प्रकार ‘स्वीट स्टाउट’ या नावाने येतो आणि त्याचे अल्कोहोल साधारण ४ ते ६ टक्के धरले जाते.

लॅक्टोजची गोडी आपल्या नेहमीच्या साखरेच्या जेमतेम एक षष्ठांश असते. म्हणून सरबताच्या अपेक्षेने पहिला घोट घेणारा हमखास निराश होतो. लॅक्टोजचे खरे काम गोड करणे हे नसून घोटाला जाडी आणि मऊपणा देणे हे आहे. ‘किती गोड आहे’ या प्रश्नावर या बिअरची परीक्षा होत नाही. भाजलेल्या जवाचा कडूपणा आणि तो गोडवा एकमेकांना धरून आहेत का, हे पाहायचे असते.

चाखताना घाई करू नये. ग्लास तिरका धरून बिअर ओतावी आणि शेवटी सरळ करून दोन बोटे फेस येऊ द्यावा. रिकामा कॅन हलवल्यावर आत गोळी खडखडत असेल, तर ती नायट्रोजन सोडणारी गोळी आहे, असे समजावे. अशा बिअरमध्ये कार्बन डायऑक्साइडचा चुरचुरीतपणा कमी असतो आणि फेस सायीसारखा दाट बसतो. त्या मुलायमपणाचे सगळे श्रेय लॅक्टोजला देऊन मोकळे होऊ नये. रंग गडद तपकिरी ते काळा असतो आणि फेस बदामी. ग्लास दिव्यासमोर धरला की काठाशी लालसर झाक दिसू शकते. मात्र रंगरूपावर फार वेळ घालवू नये: बिअर परीक्षकांच्या रूढ गुणपत्रिकेत ५० पैकी केवळ ३ गुण त्यासाठी असतात. वासाला १२, चवीला २०, तोंडातील स्पर्शाला ५ आणि एकूण परिणामाला १० गुण असतात.

वास फेस पुरता बसण्याआधी घ्यावा. कॉफी, कोको, भाजलेले धान्य आणि त्यामागे किंचित दुधाळ गोडसरपणा जाणवला, तर सुरुवात चांगली झाली. पहिला घोट लहान घ्यावा, तो सबंध जिभेवर फिरवावा आणि गिळल्यानंतर काही क्षण काहीही न बोलता थांबावे. बहुतेक निकाल या थांबण्यातच लागतो. आधी गोडवा, मग कोको-कॉफीचा भाजका स्वाद आणि शेवटी गोडव्याला आवर घालण्यापुरता कडवटपणा, असा क्रम लागला तर ब्रुअरचा हात बसलेला आहे. गोडवा एकटाच मागे रेंगाळून चिकट वाटू लागला आणि अर्ध्या ग्लासानंतर पुढचा घोट नकोसा झाला, तर हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांचा, कडूपणा कमी पडला. याउलट घशाशी करपट, आंबूस कोरडेपणा उरला आणि जीभ आवळल्यासारखी झाली, तर काळे धान्य जास्त झाले. माझ्या मते बाजारातील गोड स्टाउट बहुधा पहिल्या दोषाने मार खातात, आणि हल्ली व्हॅनिला-चॉकलेट घालून तो दोष झाकण्याची चाल पडली आहे. आपल्या ‘कॉफीचे पाणी’ म्हणणाऱ्या मित्राची तक्रार वेगळी आहे. योग्य तापमानाला चाखूनही घोट पातळ लागला, तर ती रास्त ठरेल; कारण या प्रकारात अंग भरलेले नसणे हा मोठाच उणेपणा आहे.

काही दोष बनवणाऱ्याचे नसून साठवणीचे असतात. भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास किंवा सोया सॉसची छटा आली, तर बिअरला हवा आणि उष्णता बाधली आहे. आपल्या उन्हाळ्यात बंद मोटारीत एक दुपार राहिलेला कॅनही त्या वाटेला लागतो. (वर्ध्याच्या दिशेने निघाला असाल, तर तो गाडीत ठेवूच नये. तो जिल्हा दारूबंदीचा आहे.) चव आंबट, घोट पातळ आणि गॅस फसफसणारा असेल, तर जंतूंचा शिरकाव झाला आहे. यीस्टला न पचणारे लॅक्टोज काही जिवाणूंना उत्तम पचते, म्हणून या बिअरला हा धोका विशेष असतो. असा कॅन ओतून द्यावा.

प्रश्न : मला दूध पचत नाही, पोट बिघडते. ही बिअर चालेल का?
— एक वाचक, सदर, नागपूर

उत्तर : जपून. परदेशात घरी बिअर बनवणाऱ्यांच्या पाककृतींत १९ लिटरला सुमारे ४५० ग्रॅम लॅक्टोज घालतात. त्या हिशेबाने ३३० मिलिलिटरच्या कॅनमध्ये जवळपास ८ ग्रॅम लॅक्टोज येते, म्हणजे साधारण १६५ मिलिलिटर गाईच्या दुधाइतके. कपभर दुधाने त्रास होत असेल, तर या कॅननेही होईल. त्याऐवजी साधी ड्राय स्टाउट घ्यावी. तिच्यात भाजका स्वाद तोच असतो आणि लॅक्टोज घातलेले नसते. मधुमेह असल्यास आधी डॉक्टरांना विचारणे बरे.

प्रश्न : सावजी मटणाबरोबर मिल्क स्टाउट कशी लागेल? दुधाने तिखट शमते, म्हणून विचारतो.
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : तिखट शमवते ते दुधातील केसीन हे प्रथिन आणि स्निग्धांश, या बिअरमध्ये दोन्ही नसतात. गोडव्याने थोडा दिलासा मिळतो, पण अल्कोहोल आणि गॅस आग वाढवतात. त्यामुळे अस्सल झणझणीत सावजी रश्श्यासमोर तिच्याकडून ताकाचे काम होणार नाही, आणि इतक्या तिखटावर तिचे बारकावेही कळणार नाहीत. तरीही भाजलेले सुके खोबरे आणि दगडफूल यांचा काळा मसाला या बिअरच्या भाजक्या स्वादाशी जुळतो, म्हणून तर्री बाजूला ठेवून सुके मटण घेतले, तर जोडी जमते. आधी बिअर नुसती चाखून मत बनवावे, मग ताट वाढून घ्यावे. जेवणानंतर संत्रा बर्फीबरोबर मात्र ती घेऊ नये: पदार्थ पेयापेक्षा गोड असला की पेय कडू लागते, आणि चांगली स्टाउटही त्या बर्फीपुढे करपट वाटेल. कमी साखरेचा, काळा चॉकलेट केक तिला अधिक मानवतो.